दूरस्थ रुग्णनिरीक्षण
रुग्ण घरी किंवा कामावर असतानाच त्याचा रक्तदाब, रक्तशर्करा, हृदयालेख (ईसीजी) इ. मोजून ती नोंद वैद्यकापर्यंत आपोआप पोहोचवण्याची पद्धत. मनगटी घड्याळ, ग्लुकोज संवेदक, रोपित पेसमेकर ही तिची परिचित साधने होत.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. दूरध्वनीमुळे वैद्यकाच्या अनावश्यक फेऱ्या वाचतील, अशी चर्चा १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली होती. काहीजण प्रारंभ तेथे धरतात. पण त्यात संभाषण होते, मापन नव्हते. सामान्यतः पहिला मान डच शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइंटहोव्हेन यांना दिला जातो. त्यांचा तंतु-गॅल्व्हानोमीटर (हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणारे उपकरण) सु. २७० किग्रॅ. वजनाचा, तो रुग्णशय्येपाशी नेणे अशक्यच. म्हणून लायडनच्या रुग्णालयात व्यक्तीचे हात मिठाच्या द्रावणात बुडवून, तेथील संकेत दूरध्वनीच्या तारेने सु. १.५ किमी. अंतरावरील प्रयोगशाळेत आणले गेले. पहिला आलेख बहुधा मार्च १९०५ मधील. निबंध १९०६ मध्ये छापला गेल्याने काही ग्रंथांत तेच वर्ष आढळते. (आलेखातील आर-तरंग, म्हणजे ठोक्यागणिक उठणारी टोके, उंच होते; त्याचे कारण गमतीचे आहे: ती व्यक्ती सायकल चालवत रुग्णालयात आली होती, असे सांगतात.) मात्र ही व्यक्ती तारेला जखडलेली होती. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांनी १९४९ च्या सुमारास सु. ३८ किग्रॅ.चा रेडिओप्रेषक पाठीवर घेऊन हिंडताफिरता हृदयालेख पाठवता येतो हे दाखवले. आजच्या अर्थाने आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उपयुक्ततेचा पुरावा संमिश्र आहे. हृदयनिकामी रुग्णांनी रोज दूरध्वनीवर आपली माहिती नोंदवण्याच्या अमेरिकेतील चाचणीत (२०१०) काहीच फरक दिसला नाही. जर्मनीतील चाचणीत (२०१८) मृत्युप्रमाण घटले. तेथे नोंदी पाहणारे वैद्यकीय केंद्र अहोरात्र चालू होते, हा भेद महत्त्वाचा.

गुंतवणूक मापनाच्या अचूकतेपेक्षा देयकाच्या नियमांमागे गेलेली दिसते. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१९ पासून यासाठी देयकाचे स्वतंत्र संकेतांक लागू केले. उपकरणाचे पैसे मिळण्यास ३० पैकी किमान १६ दिवसांच्या नोंदी आवश्यक होत्या. ही अट पुढे सैल झाली. जर्मनीने २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त ॲप वैद्यकाच्या चिठ्ठीवर देण्याची सोय केली. अमेरिकी अंकीय (डिजिटल) आरोग्य कंपन्यांतील साहसवित्त (व्हेंचर कॅपिटल) २०२१ मध्ये सु. २९ अब्ज डॉलरवर पोहोचले आणि २०२३ पर्यंत सु. ११ अब्जांवर घसरले. टेलाडॉक या अमेरिकी दूरवैद्यक कंपनीने २०२० मध्ये लिव्होंगो ही मधुमेह-निरीक्षण कंपनी घेण्यासाठी १८.५ अब्ज डॉलरचा करार केला. २०२२ मध्ये १३ अब्जांहून अधिक ख्यातिमूल्य (गुडविल; खरेदीत मालमत्तेच्या किमतीवर जास्तीची मोजलेली रक्कम) टेलाडॉकला ताळेबंदातून वजा करावे लागले.

माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उशिरा ऐरणीवर आला. २०१७ मध्ये बाहेरून शिरकाव होण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेतील सु. ४,६५,००० पेसमेकरांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. हा बदल दुरून करता येत नव्हता. त्यासाठी रुग्णांना समक्ष वैद्यकाकडे जावे लागले.