ग्रामीण लॉज आणि मद्य परवाना (महाराष्ट्र)

आडवळणाच्या गावांतील लॉज, होमस्टे व छोट्या रिसॉर्टना पाहुण्यांना दारू देण्यासाठी घ्यावी लागणारी सरकारी परवानगी. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘लहान लॉज’ असा वेगळा वर्ग नाही. जंगलाकाठच्या पाच खोल्यांच्या लॉजलाही तालुक्याच्या बाजारपेठेतल्या बारचाच परवाना लागतो. एफएल-३ (एफएल म्हणजे फॉरेन लिकर, विदेशी मद्य) हा त्याचा नमुना. लोकांच्या तोंडी तो ‘परमिट रूम’ आहे. केवळ बिअर बार चालवायचा असेल तर फॉर्म ई हा वेगळा परवाना असतो.

या सगळ्याचे मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात आहे. पुढे त्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ मात्र राहिली. त्यामुळे राज्यातील दारूविक्रीची सारी व्यवस्था आजही बंदीच्या कायद्याला दिलेल्या सवलतींवर उभी आहे. विकणाऱ्याला परवाना लागतो, तसा पिणाऱ्यालाही. पिणाऱ्याचा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके बारमालक राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून विकत घेतो. गिऱ्हाइकाने आपल्या नावाची पावती कधी पाहिलेलीच नसते, हा भाग वेगळा. वयाची अट बिअरसाठी २१, तर कडक दारूसाठी २५ वर्षे आहे.

परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्जाची छाननी व जागेची पाहणी उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयामार्फत होते. शाळा व धार्मिक स्थळांपासूनचे अंतर मोजले जाते, जागेचा नकाशा मंजूर होतो आणि नकाशात दाखवलेल्या जागेतच दारू देता येते. अंगणातल्या शेकोटीभोवती ग्लास भरले तर परवाना असूनही नियमभंग ठरू शकतो. शुल्क लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरते, म्हणून खेड्यात ते शहरापेक्षा कमी. पण ते वर्षाचे असते आणि लॉजचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा. मार्चअखेर नूतनीकरणाचे पैसे भरताना पावसाळ्यात बंद राहणाऱ्या लॉजला कोणी सूट देत नाही. २०२३ अखेरीस परमिट रूममधील दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला, तेव्हा त्याचा भारही सर्वांवर सारखाच पडला. दुर्गम भागातले बरेच मालक परवान्याच्या वाटेला जात नाहीत, त्यामागे हा हिशेब असतो.

दुर्गमतेचा खरा परिणाम दिसतो तो गावाच्या अधिकारात. खेड्यात ग्रामसभेचा कौल निर्णायक ठरतो. २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की गावातला परवाना बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते नव्हेत, यादीतल्या सर्व महिलांच्या निम्मी. अट कठीण आहे, तरी अनेक गावांनी ती पूर्ण केली आहे. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा वा तिचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि मेळघाटातली चिखलदऱ्याभोवतीची गावे याच क्षेत्रात मोडतात. म्हणजे लॉजवाल्याला जिथे पर्यटक दिसतो, नेमके तिथेच गावाला नकार देण्याचा हक्क अधिक बळकट आहे.

त्यावर जिल्ह्याची सीमा. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदी जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ ते २०२१ बंदी होती. त्या सहा वर्षांत ताडोब्याच्या मोहर्ली वा कोलारा दरवाजाजवळच्या रिसॉर्टना, ती कितीही महागडी असोत, पाहुण्यांना कायदेशीररीत्या बिअरचा ग्लास देता येत नव्हता. वर्ध्यातील बोर व्याघ्र प्रकल्पाभोवती आजही तीच स्थिती आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, पेंचच्या बाजूला, मात्र परवाना मिळू शकतो.

महामार्गाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने आला. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला १ एप्रिल २०१७ पासून मनाई झाली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले. सिक्कीम आणि मेघालय यांना डोंगराळ भूभागामुळे ५०० मीटरच्या अटीतून वगळले गेले. घाटातल्या लॉजलाही अडचण तीच: रस्ता सोडला तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मग २२० मीटर आत जायचे कुठे? सह्याद्रीला तशी वेगळी सवलत मिळाली नाही. पुढे नगरपालिका हद्दींना मोकळीक मिळाली आणि २०१८ मध्ये शहरासारख्या वाढलेल्या ग्रामपंचायतींबाबत ठरवण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. एकाकी लॉज त्यात क्वचितच बसतो.

परवाना नसलेल्या लॉजमध्ये ‘बाटली तुमची, ग्लास-सोडा आमचा’ हा रिवाज सर्रास दिसतो. मालकाला तो निर्धोक वाटतो, पण दारूबंदी कायद्यातील सार्वजनिक गुत्त्याची व्याख्या रुंद आहे. दारूचेच नव्हे, तर जागेचे किंवा सोयीचे पैसे घेऊन पिऊ दिले तरी ती लागू होते. मग कलम ६८ मालकावर आणि कलम ८४ तिथे पिणाऱ्यावर लावले जाते. ढाब्यांवरच्या छाप्यांत ही दोन कलमे नेहमी जोडीने येतात. सिंधुदुर्गात आणखी एक भर पडते. आंबोली किंवा मालवणच्या पाहुण्याच्या गाडीतली बाटली अनेकदा गोव्याची, तिथल्या कमी करामुळे स्वस्त मिळालेली असते. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ अशी छाप असलेला तो माल महाराष्ट्राचे शुल्क न भरता सीमा ओलांडून आलेला असतो. तो लॉजच्या फ्रिजमध्ये सापडला, तर पाहुणा निघून गेल्यावरही जाब मालकालाच द्यावा लागतो.