मर्यादा वेगळी आणि मुस्कटदाबी वेगळी

विरोधी पक्षाच्या कुणावर भाषणावरून किंवा पोस्टवरून गुन्हा नोंदवला की आमच्या गोव्यात वाद ठरलेला, एक म्हणतो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार परत आला, दुसरा म्हणतो स्वातंत्र्याला मर्यादा असतातच, घटनेत लिहिलंय. दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून भांडतात.

सालाझारच्या काळात मजकूर छापायच्या आधी सेन्सॉरकडे जायचा, लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नव्हती, सभेला परवानगी लागायची. म्हणून १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहिया काय बोलणार हा प्रश्नच नव्हता, परवानगीशिवाय उभे राहिले एवढ्यावरच अटक झाली. गोवा मुक्तीच्या लढ्यातले नेते टी. बी. कुन्हांना तर पुढे लष्करी कोर्टाने ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या किल्ल्यात टाकलं. ही मुस्कटदाबी, सरकारला आवडेल तेवढंच बोलायचं.

मर्यादा म्हणजे घटनेचं कलम १९(२). त्यात कारणं मोजून ८ आहेत, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, कोर्टाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे, आणि तीही कायदा करूनच लावता येतात. सरकारवर टीका हे कारण त्यात नाही! मंत्र्याची माणूस म्हणून बदनामी होऊ शकते, पण सरकारी कारभारावरच्या टीकेसाठी सरकारला अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच सांगितलंय.

खरी गडबड मधल्या जागेत आहे. कागदावर मर्यादा असते पण वापर मुस्कटदाबीसारखा होतो, म्हणजे गुन्हा नोंदवायचा, फोन जप्त करायचा, मग तारखांवर तारखा, शेवटी सुटला तरी माणूस परत बोलायला दहा वेळा विचार करतो. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी कायद्यातलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच होते, २०२१ मध्ये कोर्टालाही धक्का बसला. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण इथे सेन्सॉर दिसतच नाही.

जमावबंदीचंही तसंच, जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातलं कलम १४४, आता नव्या कायद्यातलं कलम १६३. शांतता बिघडायचा खरा धोका असेल तर ती मर्यादा, पण लोकांची तक्रार दाबायला ते कलम वापरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या काश्मीर इंटरनेट बंदीच्या निकालात स्पष्ट आहे. आदेश जाहीर करायला हवा हेही त्यातच आहे, तेव्हा पणजीत मोर्चा अडवला तर आधी आदेशाची प्रत मागा आणि त्यात नेमकं कारण काय लिहिलंय ते वाचा.