पाळीव प्राण्यांतील दीर्घ आकडी व ईईजी निरीक्षण

कुत्र्याला किंवा मांजराला आलेली आकडी पाच मिनिटांहून अधिक काळ टिकली, अथवा प्राणी पुरता शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आकडी आली, तर त्या अवस्थेला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. स्नायू सतत आखडत राहिल्याने शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि मेंदूतील पेशी कायमच्या दगावू शकतात. सुरुवातीला डायझेपाम किंवा मिडॅझोलॅम देतात. शीर सापडत नसेल, तर मिडॅझोलॅम नाकात फवारतात. मात्र आकडी लांबत गेली की ही औषधे ज्या गाबा ग्राहींवर (मेंदू शांत करणारे गाबा हे रसायन टिपणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर) काम करतात, तेच पेशीच्या आत ओढले जातात आणि औषधांचा गुण येईनासा होतो. अशा वेळी फेनोबार्बिटाल, लेव्हेटिरासेटाम, पुढे केटामीन किंवा प्रोपोफॉल या भुलीच्या औषधांचा आधार घ्यावा लागतो.

खरी अडचण यानंतर सुरू होते. औषधाने हातपाय सैल पडतात, श्वास संथ होतो, मालकाच्या जिवात जीव येतो. पण मेंदूतील विद्युत वादळ तसेच चालू असू शकते, आणि बाहेर त्याची खूण म्हणून पापणीची बारीकशी फडफड दिसते किंवा तीही दिसत नाही. झटके थांबले म्हणजे आकडी थांबली, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे. ही छुपी आकडी खात्रीने ओळखण्याचे साधन ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, हेच आहे.

यासाठी विद्युत लहरी टिपणारे बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड डोक्याच्या कातडीखाली सरकवतात. कुत्र्याच्या कवटीवर जबड्याचे जाड स्नायू पसरलेले असल्याने त्यांची हालचाल आलेखात मिसळते. शिवाय पगची आणि डॅशहुंडची कवटी सारखी नसल्याने इलेक्ट्रोडच्या जागा प्राण्यागणिक जुळवून घ्याव्या लागतात. आलेखातली खूण कान हलल्याची आहे की मेंदूतील लहरीची, हे ठरवण्यासाठी सोबत चित्रफीत घेणे फार उपयोगी पडते.

भूल देऊन उपचार करताना अनेकदा आलेखाच्या सपाट रेषेत मधूनच लहरींचे झुबके उठतील, इतपत मेंदू शांत करतात. आलेख समोर असला की औषध कमी पडते आहे की रक्तदाब घसरण्याइतके जास्त होते आहे, याचा अंदाज येतो. पुढे भूल हळूहळू उतरवतानाही आलेखावर नजर ठेवावी लागते, कारण आकडी पुन्हा उसळण्याचा धोका तेव्हा मोठा असतो.

इंग्रज वैद्य रिचर्ड कॅटन यांनी 1875 मध्ये मेंदूतील विद्युत प्रवाह नोंदवले, ते ससे व माकडे यांच्या मेंदूवर. माणसाचा पहिला आलेख जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये घेतला. प्राण्यांपासून सुरू झालेली ही तपासणी प्राण्यांच्या उपचारात मात्र आजही मोजक्याच मोठ्या पशुरुग्णालयांत होते.