खोडरबर, खटके आणि रॅमची पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात, आमच्या हळदीच्या अडतीवर संगणक सुरू न होता नुसता पीं-पीं करायला लागला की दिवाणजी आधी खोडरबर शोधायचे. टेबलाखालचा अवजड डबा आडवा पाडायचा, पत्रा काढायचा, दोन्ही बाजूंचे खटके दाबून रॅमची, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी उपसायची आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं. पिवळी धूळ निघायची, पीं-पीं थांबायचं. रॅम वाढवणं म्हणजेही एवढंच: शेजारच्या रिकाम्या खोबणीत दुसरी पट्टी.

डबा लहान झाला आणि हा सोपेपणा गेला. ॲपलनं 2005 च्या जानेवारीत मॅक मिनी आणला. साडेसहा इंच चौरस, दोन इंच उंच. रॅमला खोबण एकच, आणि बाहेरून स्क्रू कुठेच नाही. लोक रंगाऱ्याची लांबीची पत्ती खालच्या फटीत खुपसून तो उघडायचे! 2010 मध्ये तळाला हातानं फिरवून निघणारं झाकण आलं. 2014 मध्ये रॅम बोर्डावरच डाखली गेली. 2018 मध्ये खोबण परतली, पण तिथवर पोचायला निम्मं यंत्र सोडवावं लागायचं. 2020 च्या एम1 या ॲपलच्याच प्रोसेसरपासून रॅम त्याच्या पॅकेजमध्येच जाऊन बसली.

लेनोव्होच्या टायनी किंवा इंटेलच्या एनयूसीसारख्या इतर छोट्या डब्यांनी लॅपटॉपची आखूड पट्टी घेतली. तिच्या पिढ्या वेगवेगळ्या: डीडीआर3 चे पाय, म्हणजे सोनेरी दात, 204, डीडीआर4 चे 260, डीडीआर5 चे 262. खाचही सरकलेली, त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. फसवते ती डीडीआर3 मधलीच 1.5 आणि 1.35 व्होल्टची जोडी, कारण खाच सारखीच. जुन्या लॅपटॉपमधली 1.5 ची पट्टी मी हौसेनं आमच्या आधीच्या छोट्या डब्यात बसवली आणि अर्धा दिवस काळा पडदा बघत बसलो. त्याला 1.35 चीच लागत होती.

तरी छोट्या डब्याचं एक मानावं लागेल. ऑगस्ट 2019 च्या पुरात गणपती पेठेतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं हिशेबाचा सगळा संगणक बाजाराच्या पिशवीत घालून माडीवर नेला.

डाखण्यामागे नुसता कंपन्यांचा लोभ आहे असं नाही. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी विजेवर, जास्त वेगानं चालते, पण तिला प्रोसेसरपर्यंतची वाट अगदी आखूड लागते. खोबणीचे सांधे आडवे येतात. कुणीही उघडून दुरुस्त करू शकेल अशा लॅपटॉपसाठी नावाजलेल्या फ्रेमवर्कनं 2025 मध्ये छोटा डेस्कटॉप काढला, त्यातही रॅम डाखलेलीच. त्यामुळे 16 जीबी की 32 हे आता अशा यंत्रांच्या बाबतीत घेतानाच ठरवावं लागतं, आणि घेताना कुणाचा हात ढिला होतो?

आमच्या आताच्या डब्यात डीडीआर4 ची एक खोबण अजून रिकामी आहे. 2025 च्या अखेरीपासून पट्ट्यांचे भाव भलतेच चढलेत. दिवाणजी म्हणतात, थांबा, हळदीसारखा उतरेल.