गाडी गरम होणे (कोकण)

गाडी गरम होणे म्हणजे इंजिनात तयार होणारी उष्णता बाहेर टाकायचं काम कूलिंगला न झेपणं. आधी काटा लाल पट्टीकडे सरकतो (बऱ्याच नवीन गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल असे नुसते दिवे), मग बॉनेटखालून वाफ येते. कोकणात हे बहुतेक वेळा घाटात कळतं म्हणून लोक घाटाला शिव्या घालतात, पण आंबा, कुंभार्ली, फोंडा किंवा आंबोली चढताना गाडीचं आधीपासूनचं दुखणं फक्त वर येतं. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा कूलंटवाटे (इंजिनात फिरणारं थंड करायचं पाणी) बाहेर जातो, आणि चढाला लोड पुरा, स्पीड जेमतेम वीस-पंचवीस, पुढे चिऱ्यांचा ट्रक, समोरून वारा नाही, त्यात एसी चालू, ज्याचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या, म्हणजे हे पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, तोंडावरच बसवलेला असतो.

यंत्रणा तशी साधी आहे. वॉटर पंप (जुने मेस्त्री वॉटर बॉडी म्हणतात) पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडून ते रेडिएटरकडे सोडतो, फॅन हवा ओढतो. आणि रेडिएटरचं झाकण. झाकणाकडे कोणी बघत नाही, पण आत दाब तेच धरून ठेवतं, १ बार जादा दाब असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आमची गाडी साखरप्यावरून वर चढताना दोनदा उकळली, एका गॅरेजवाल्याने पंप बदलला, मग थर्मोस्टॅट बदलला, आणि शेवटी निघालं काय तर झाकणाच्या रबराला नखाएवढी चीर. पंपाचे पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

शोधायला सुरुवात करायची ती गाडी कधी तापते इथून. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर फॅन बघा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन फिरायलाच पाहिजे, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, वायर. गावच्या घरी महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायर खाल्लेली असते, आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला बुडालेल्या गाड्यांसारखं पाणी कनेक्टरात शिरलं असेल तर आत हिरवा गंज धरतो, तो महिन्या-दोन महिन्यांनी त्रास देतो. फक्त चढाला किंवा स्पीडला तापते तर रेडिएटर चोंदलाय, पाणी कमी आहे किंवा पंप नीट फिरवत नाही. सुरू करून पाच-दहा मिनिटांत तापते, वरचा होजपाईप चटका देतो आणि खालचा थंडगार, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून दोरीला बांधून टोपात पाण्यात सोडायचा आणि गॅसवर ठेवायचा, पाणी उकळायच्या आधी त्याचं तोंड हळूच उघडताना दिसलं पाहिजे, नाही उघडलं तर नवा आणायचा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा, ‘आपल्याकडे गरमच हवा, लागत नाही’ म्हणून, ही पद्धत मात्र चुकीची. इंजिन नेहमीचं तापमान गाठतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं म्हणजे उलट जास्त तापतं.

किनाऱ्याची दुखणी वेगळीच. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पापड्या इतक्या कुजतात की बोट लावलं की भुकटी पडते, बाहेरून नळ्या शाबूत दिसतात पण उष्णता बाहेर टाकायला काही उरलेलंच नसतं. मासळीच्या गाडीमागून जाताना वाटेभर गळणारं खारं पाणीही तिथेच उडतं, आणि पुळणीवर गाडी घालायची हौस असणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. घरी आल्यावर समोरून पाण्याची हलकी धार मारायची, जोरात नाही, पापड्या वाकतात. आत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरू नये, क्षार साचतात आणि गंज धरतो, समुद्राजवळच्या विहिरी तर मचूळच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं. अडचणीत घाटातल्या ओहोळाचं पाणी ओतलं तर ओतलं, पण नंतर सगळं काढून टाकायचं.

पाणी कमी होतंय आणि खाली थेंब नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) संशय घ्यावा. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस, इंजिन चालू असताना रेडिएटरात सतत बुडबुडे. (झाकणाखाली थोडा फेस नुसत्या दमटपणानेही येतो, पावसाळ्यात लगेच घाबरू नये, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघावी.) तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड वाकतं, मग लेथवर फेसिंग (घासून सपाट करणं) आणि मोठं बिल.

घाटात लाल दिवा लागलाच तर एसी बंद, हीटर फुल्ल (घाम फुटतो पण हीटरही छोटा रेडिएटरच), जागा मिळताच बाजूला, वाफ असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, वरचा पाईप हातात धरवला आणि दाबून मऊ लागला की मगच. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

भरल्यावर हवा काढायची असते, हे बरेच जण विसरतात आणि म्हणतात, पाणी भरलं तरी तापते. गाडी घराच्या चढावर तोंड वर करून लावायची, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं, हीटर गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहायचं आणि झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या जादा बाटलीतली लेव्हल बोटभर खाली गेलेली असते, तेवढी भरायची.