नवा वाणी सापडला? त्याला नाव मिळायला काय काय लागतं

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की आमच्या प्रयोगशाळेच्या दारात कुणीतरी मोबाइल पुढे करून उभं राहतंच. "सर, हाऊ किडा गूगलवर नही शे. नवा शे का?" फोटोत केळीच्या कुजक्या खांबाखाली वेटोळं घालून पडलेला वाणी. कुणी त्याला पैसा म्हणतं, कुणी वाणू. कृषी विभागाच्या पत्रकात तोच कपाशीची कोवळी रोपं कुरतडणारा मिलिपीड असतो.

फोटो बघून मला होही म्हणता येत नाही आणि नाहीही. ते का, हे पुढे येईलच. आधी एक गैरसमज काढतो. 'नवीन प्रजाती मंजूर करावी' असा अर्ज घेणारी कचेरी कुठेच नाही आणि तसं प्रमाणपत्रही कुणी देत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचे नियम पाळून वर्णन प्रसिद्ध केलं की त्या दिवसापासून नाव ग्राह्य धरलं जातं. कागदपत्रं लागतात ती तिथवर पोहोचायला.

पात्रता: तुमची आणि किड्याची

तुमच्यासाठी अट नाही. पदवी नको, वय नको. शेतकऱ्यानेही वर्णन लिहावं. व्यवहारात मात्र वाण्यांचा जाणकार सहलेखक घ्यावाच लागतो, त्यात कमीपणा नाही. भारतीय नागरिकाला संशोधनासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. परदेशी व्यक्तीला लागते. नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल, तर आधी चेन्नईला प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. परस्पर कुरिअर करू नका.

किड्यासाठी मात्र अट कडक आहे: प्रौढ नर हवा. नर ओळखायचा तर त्याला उताणा करून भिंगाखाली अंगाची कडी मोजायची. डोक्यामागचं पहिलं कडं बिनपायाचं, पुढच्या तिघांना पायांची एकेक जोडी आणि पाचव्यापासून दोन-दोन जोड्या. आता सातव्या कड्यावर थांबा. मादीला तिथे नेहमीसारखे पाय असतात. नराचे त्या जागचे पाय समागमाच्या अवयवात बदललेले असतात आणि बऱ्याचदा आत ओढलेले असतात, त्यामुळे खालून बघताना पायांच्या रांगेतला एक दात पडल्यासारखा दिसतो. हा अवयव बारीक चिमट्याने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची वळणं, आकडे, काटे चित्रात रेखाटून दाखवायचे. दोन प्रजाती बाहेरून जुळ्यासारख्या असतात आणि इथे पार वेगळ्या निघतात. रंगावर विसंबू नका. (गोळी होऊन बसणाऱ्या वाण्यांत हा बदल शरीराच्या मागच्या टोकाच्या पायांत असतो.) नुसत्या माद्या किंवा पिल्लं घेऊन आलात, तर बहुतेक वेळा काम तिथेच थांबतं.

जमिनीची परवानगी

स्वतःच्या मळ्यात सापडला तर प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या बागेतला असेल, तर मालकाला विचारा. तोरणमाळसारख्या राखीव वनात जायचं तर आधी उपवनसंरक्षक कार्यालयाचं पत्र घ्या. यावल, अनेर धरण किंवा पाटणादेवीकडचं गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथे अभ्यासाच्या परवान्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, त्यांचं कार्यालय नागपूरला. पावसाळ्यात गोळा करायचं असेल, तर अर्ज हिवाळ्यातच टाका. हे पत्र पुढे वर्णन छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादकही मागतात.

बाटली आणि चिठ्ठी

जिवंत असतानाच फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. शरीररचनेसाठी 70 ते 80 टक्के इथेनॉल, डीएनए काढायचा असेल तर एक-दोन नमुने 95 टक्क्यांत. इथेनॉल कॉलेजमार्फतच मागवा. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशाखाली सापडला आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. चिठ्ठी बाटलीच्या आत ठेवायची आणि पेन्सिलीनेच लिहायची. माझ्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिलेल्या होत्या. दिवाळीनंतर बाटल्या उघडल्या तर फिकट निळं पाणी आणि कोरे कागद. अकरा वाणी, आणि कुठला कुठून आणला याचा पत्ता नाही!

संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक

ज्या एका नमुन्यावर नाव टांगलं जातं तो 'होलोटाइप'. तो कोणता, आणि कोणत्या शहरातल्या कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार, हे लेखात लिहावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य होत नाही. भारतात तर 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला असलं तरी आपल्याला जवळचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. घरच्या कपाटातला होलोटाइप चालत नाही.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे हा खरोखर नवा आहे का ते बघणं. जगात वाण्यांच्या सुमारे 12,000 प्रजातींची वर्णनं झालेली आहेत. आपल्याकडच्या कित्येक जुन्या प्रजातींचे मूळ नमुने लंडन आणि व्हिएन्नाला आहेत. व्हिएन्नाच्या कार्ल आटेम्स यांनी 1936 मध्ये भारतातल्या वाण्यांवर मोठं काम छापलं, ते पालथं घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नाव आणि छपाई

नाव दोन शब्दांचं, रोमन लिपीत. दुसरा शब्द खान्देशावरून 'खान्देशेन्सिस' ठेवता येईल. व्यक्तीच्या सन्मानार्थ ठेवताना पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी शेवट वेगळा होतो. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल, तर प्रसिद्धीआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी आणि तसा उल्लेख त्या लेखातच हवा. ही नोंदणी फुकट आहे. 'आठ दिवसांत छापून देतो, पैसे पाठवा' असे ईमेल येतील, ते सरळ पुसून टाका.

एवढ्या सगळ्याला वर्ष-दोन वर्षं धरून चाला. आणि यंदा वाणी जिवंत आणणार असाल, तर चपट्या पाठीचे पाच-सहा एका बंद डबीत कोंबू नका. ते स्वसंरक्षणासाठी सायनाइडयुक्त वायू सोडतात आणि आपल्याच वायूने मरतात. झाकणाला भोकं पाडा, आत ओला पाचोळा घाला.