गोवंश हत्याबंदी (महाराष्ट्र)

गाय, बैल, वळू आणि वासरे यांच्या कत्तलीवर महाराष्ट्रात असलेली कायदेशीर बंदी. म्हशी व रेडे तिच्यात येत नाहीत. चर्चा बहुधा धर्माच्या अंगाने होत असली, तरी जनावर पाळणाऱ्याकडून समाज आणि सरकार काय अपेक्षा धरतात, ती अपेक्षा कशी पालटली, हेच या बंदीच्या इतिहासात अधिक दिसते.

सुरुवातीची बाजू शेतीची होती. गोऱ्या सैनिकांच्या आहारासाठी जनावरे कापली जातात आणि कुणब्याला औताला बैल मिळत नाहीत, अशी तक्रार महात्मा फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. सावरकरांनीही गायीला देवता न मानता उपयुक्त पशू मानले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 48 मध्ये पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने व्हावे, आणि गायी-वासरे व इतर दुभत्या-ओढकामाच्या जनावरांची कत्तल थांबावी, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. पुढचा सगळा पेच तिथेच आहे.

1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गायींच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली. निकामी झालेल्या बैलांवर मात्र ती लादता येणार नाही, असे म्हटले. महाराष्ट्राचा 1976 चा प्राणी संरक्षण कायदा याच चौकटीतला. गाय कापायची नाही. बैल शेतीच्या किंवा पैदाशीच्या कामाचा उरला नाही, असा दाखला मिळाला तर चालेल. 2005 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ही चौकट बदलली. म्हातारा बैलही शेण आणि गोमूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. शेणाची किंमत वैरणीच्या खर्चाला पुरते का, हे ज्याच्या दावणीला तो बैल उभा आहे त्याला विचारावे.

राज्यात शिवसेना-भाजप युतीच्या काळात 1995 साली मंजूर झालेले दुरुस्ती विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जवळपास वीस वर्षे पडून होते. मार्च 2015 मध्ये ते लागू झाले आणि बैल-वळूही बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

फरक जाणवला तो बाजारात. बैलाचे वय दातांवरून ठरते: दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला (सगळे दात आलेला). रुमालाखाली बोटे धरून भाव होतो. जुळून म्हातारा झालेल्या बैलालाही पूर्वी या भावात जागा होती, कारण त्याला शेवटचे गिऱ्हाईक होते. त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा दावणीला आणी. म्हातारा बैल म्हणजे जोडी बदलण्याचे भांडवलच. बंदीनंतर हे गिऱ्हाईक गेले. खरेदीदार व्यापाऱ्याला वाटेत गाडी अडवली जाण्याची धास्ती, म्हणून धडधाकट जनावराचाही सौदा अवघड झाला.

संकरित गोऱ्ह्यांची गोष्ट आणखी बिकट. जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताच्या नराला वशिंड नसल्यात जमा, त्यामुळे जू नीट बसत नाही आणि ऊनही सोसत नाही. दूध वाढवा असे सरकारच सांगते. त्या दुधासोबत जन्मणाऱ्या खोंडाचे काय करायचे, याचे उत्तर आता मादी वासरेच अधिक होतील अशा लिंगवर्गीकृत वीर्यमात्रांत शोधले जात आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी 50 रुपये अनुदान ठरवले. ते गोशाळेला मिळते. घरच्या गोठ्यात भाकड गाय सांभाळणाऱ्याला नाही.

2012 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 55 लाख गाय-बैल होते. 2019 मध्ये ते 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आले. ही घट एकट्या कायद्याच्या माथी मारता येत नाही. ट्रॅक्टर, चाराटंचाई, दुष्काळ आणि गोठा सांभाळायला घरात माणूस नसणे, ही कारणे तितकीच खरी आहेत.